कोल्हापुरात पहिल्यांदाच भूकंपाचा धक्का जाणवला? काय बघायचं, काय करायचं, क्रमानं सांगतो

नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा लग्न होऊन कोल्हापुरात नवीन आलेल्यांसाठी हे लिहितोय. नागपूर, अमरावतीकडून आलेल्या कितीतरी जणांनी आयुष्यात कधी जमीन हललेली बघितलेली नसते, आणि इथं एखाद्या रात्री पलंग हलतो, मांडणीतली भांडी वाजतात, खालच्या मजल्यावरून आरडाओरडा ऐकू येतो आणि मग पुढचे दोन तास ग्रुपवर नुसता गोंधळ. आमच्या बिल्डिंगमध्ये आणि गावाकडच्या जुन्या घरात या सगळ्यातून गेलोय, तडे बघितलेत, पंचनाम्यासाठी फिरलोय, म्हणून जे कळलं ते एका जागी लिहून ठेवतो.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. आपल्याकडं येणारे बहुतेक धक्के लहान असतात आणि त्या धक्क्यानं घर पडत नाही. माणसं जखमी होतात ती जिन्यातून पळताना, गॅलरीतून उडी मारताना आणि कपाटावर ठेवलेली बॅग नाहीतर फ्रेम डोक्यात पडून, आणि हे तिन्ही टाळणं आपल्या हातात आहे.

हाताशी काय पाहिजे ते आधी बघा, यातलं बरंचसं घरात असतंच:

- टॉर्च, पलंगाशेजारी, मोबाईलचा धरू नका कारण तो चार्जिंगला दुसऱ्या खोलीत असतो
- पलंगाखाली चप्पल किंवा बूट
- शिट्टी, म्हणजे कुठं अडकलाच तर ओरडून घसा बसणार नाही
- पॉवर बँक, थोडे सुट्टे पैसे, रोजच्या गोळ्या, पाण्याची बाटली
- आधार, घरपट्टीची पावती, मिळकत पत्रिका किंवा भाडेकरार, बँक पासबुक, विमा पॉलिसी यांच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत, आणि फोटो मोबाईलमध्ये
- पेन्सिल आणि फूटपट्टी (ही कशाला ते पाचव्या पायरीत सांगतो)

२०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर बऱ्याच घरांत अशी पिशवी तयारच असते. तीच वापरा, भूकंपाची वेगळी करायची गरज नाही.

१. भूकंपच होता का, ते ओळखा

जवळच्या खाणीत सुरुंग लावला, रस्त्यावरून भरलेला उसाचा ट्रॅक्टर गेला किंवा वरच्या मजल्यावर वॉशिंग मशीन जोरात फिरली तरी घर थरथरतं. सुरुंगाचा एकच दणका बसतो आणि संपतो, तोही शक्यतो दिवसा. भूकंपात पंखा, टांगलेला दिवा, टाकीतलं पाणी हे धक्का थांबल्यावर सुद्धा थोडा वेळ हलत राहतं आणि एकाच वेळी सगळ्या घरात जाणवतं. वरच्या मजल्यावर जास्त जाणवतं, त्यामुळं पाचव्या मजल्यावरचा घाबरून खाली आला आणि तळमजल्यावरचा म्हणाला मला काहीच कळलं नाही, तर दोघंही खरं बोलत असतात.

कोल्हापूरला जाणवणारे धक्के बहुतांश कोयना आणि वारणा भागातून येतात. नकाशावर सरळ रेष मारली तर वारणेचं चांदोली धरण इथून साठेक किलोमीटर आणि कोयनानगर नव्वदेक किलोमीटर आहे. कोयनेचं शिवसागर जलाशय १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला भरायला लागलं तेव्हापासून तिथं धक्के सुरू झाले, आणि ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे चारच्या सुमारास ६ च्या वरचा मोठा भूकंप झाला, कोयनानगर उद्ध्वस्त झालं आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. तुमच्या घरमालकांच्या घरात सत्तरीच्या पुढचं कोणी असेल तर विचारून बघा, ती पहाट त्यांना आठवत असणार. पुढं वारणेचं धरण भरल्यावर १९९० च्या दशकात धक्क्यांचा पट्टा दक्षिणेला वारणेकडंही सरकला. धरणातलं पाणी खडकाच्या भेगांत उतरतं, पाण्याचं ओझं आणि दाब बदलतो आणि आधीच ताणलेले खडक सरकतात, असं त्याचं कारण सांगतात. म्हणून या भागात लहान धक्के येतच राहतात आणि त्यातला एखादा ४ च्या आसपास किंवा वर गेला की कोल्हापुरात बऱ्याच जणांना कळतो.

अजून एक कामाची गोष्ट. भूकंपाच्या दोन लाटा येतात, पहिली हलकी आणि वेगवान, दुसरी हळू पण जास्त हलवणारी. कोयना-वारणेपासून इथं येईपर्यंत दोघींत साधारण आठ ते अकरा सेकंदांचं अंतर पडतं. म्हणजे आधी खिडकीची काच बारीक थरथरली, कुत्री भुंकायला लागली असं काही लक्षात आलं तर दुसरी लाट यायच्या आत जागा पकडायला तेवढे सेकंद मिळतात.

२. हादरा चालू असताना: पळू नका

हे वाचायला सोपं आणि करायला अवघड आहे, कारण अख्खी बिल्डिंग "बाहेर या बाहेर या" म्हणून ओरडत असते. हादरा काही सेकंदांचा असतो आणि तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून कोणी खाली पोचत नाही, माणूस मधेच जिन्यात असतो, लाईट गेलेली असते, मागून दहा जण ढकलत असतात.

फ्लॅटमध्ये असाल तर खाली बसा, मजबूत टेबल असेल तर त्याखाली जाऊन त्याचा पाय घट्ट धरा, टेबल नसेल तर आतल्या भिंतीच्या कडेला बसून डोकं आणि मान दोन्ही हातांनी झाका. खिडकी, काचेचं शोकेस, कपाट, पोटमाळ्याच्या खालची जागा टाळा. झोपेत असाल तर पलंगावरच राहा, पालथे व्हा आणि उशी डोक्यावर घ्या, फक्त डोक्यावर जड फ्रेम किंवा शेल्फ नको. दाराच्या चौकटीत उभं राहायचं असं जुने लोक सांगतात, पण आजच्या घरांत चौकट काही भिंतीपेक्षा मजबूत नसते आणि दार आपटून बोटं चेंगरतात ती वेगळीच.

गॅसवर काही असेल आणि बटण हाताच्या अंतरावर असेल तर बंद करा, नाहीतर आधी स्वतःला सांभाळा. कढईतल्या तापलेल्या तेलापासून मात्र लगेच लांब व्हा.

लिफ्टमध्ये असाल तर सगळ्या मजल्यांची बटणं दाबा, जिथं थांबेल तिथं उतरा. गाडीवर असाल तर कडेला घ्या, झाड, होर्डिंग, विजेच्या तारा यांच्याखाली थांबू नका.

आता जुन्या घरांचं. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, गंगावेश या भागात अजून दगड-मातीच्या भिंती आणि कौलारू छप्पर असलेली घरं आहेत, गावाकडं तर आहेतच. अशा घरात तळमजल्यावर असाल, दार दोन पावलांवर असेल आणि बाहेर मोकळं अंगण किंवा परडं असेल तर बाहेर पडणं बरं, कारण मातीत रचलेली दगडी भिंत जोराच्या धक्क्यात कोसळते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात पहाटे झोपेत हजारो माणसं गेली ती अशाच जाड दगडी भिंतींखाली. पण दार अरुंद बोळात उघडत असेल तर मोठी अडचण आहे, बोळात दोन्ही बाजूंची कौलं, कठडे आणि तारा अंगावर येऊ शकतात. म्हणून शांतपणे बसून आजच ठरवून ठेवा की आपल्या घरातून बाहेर जायचं का आतच थांबायचं, आणि थांबायचं तर नक्की कुठल्या कोपऱ्यात. लहान मुलांना तो कोपरा दाखवून ठेवा.

३. हादरा थांबल्यावर पहिली दहा मिनिटं

आधी पायात चप्पल घाला, मग हला. फुटलेल्या काचेनं पाय कापणं ही अगदी नेहमीची इजा आहे. घरातल्या सगळ्यांना हाक मारा, कोणाला लागलंय का बघा, म्हाताऱ्या माणसांना घाईनं उठवू नका, चक्कर येते.

लगेच गॅसचा वास घ्या. वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, आणि लाईटचं एकही बटण चालू किंवा बंद करायचं नाही, काडी तर नाहीच. देवघरात दिवा तेवत असेल आणि घरात कुठंच वास नसेल तर तोही विझवून टाका. वास येत असताना मात्र काही पेटवू-विझवू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा, ती गॅसगळतीची हेल्पलाईन आहे. बाकी तातडीसाठी ११२, आग लागली तर १०१, ॲम्ब्युलन्स १०८, आणि जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७. हे आत्ताच सेव्ह करा, धक्क्यानंतर शोधत बसू नका.

मग जिन्यानं, लिफ्टनं अजिबात नाही, हळू खाली उतरा. आणि इथं बहुतेक सगळे फसतात: उतरून पार्किंगमध्ये उभे राहतात. खाली नुसते पिलर आणि वर सगळे फ्लॅट अशी बिल्डिंग असेल तर जोराच्या धक्क्यात सगळ्यात कमकुवत मजला तोच असतो. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात लांब अहमदाबादमध्ये अशाच बऱ्याच बिल्डिंगी खालच्या मजल्यातून बसल्या. तेव्हा पार्किंगमधून बाहेर पडून रस्त्याच्या पलीकडं, मोकळ्या प्लॉटवर, शाळेच्या मैदानावर जा, आणि बिल्डिंगच्या उंचीएवढं तरी अंतर ठेवा. गप्पा तिथं मारा.

मागून अजून लहान धक्के येऊ शकतात म्हणून अर्धा तास तरी बाहेरच काढलेला बरा. फोन लावत बसू नका, सगळे एकदम लावतात आणि कोणाचाच लागत नाही, आईवडिलांना "आम्ही ठीक आहोत" एवढा मेसेज टाका आणि मोबाईल ठेवून द्या.

४. खरी बातमी कुठं बघायची

दिल्लीचं राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र देशातल्या धक्क्यांची नोंद ठेवतं, त्यांची वेबसाईट आहे आणि 'भूकंप' नावाचं ॲप आहे. थोड्या वेळात तिथं वेळ, ठिकाण, खोली आणि तीव्रता येते. पहिला आकडा नंतर थोडा बदलू शकतो, त्यात काही लपवाछपवी नसते, जास्त केंद्रांच्या नोंदी आल्या की हिशोब सुधारतो. तुम्हाला धक्का जाणवला हे तुम्हीही तिथं कळवू शकता आणि जरूर कळवा, कुठल्या भागात किती हललं ते त्यातून कळतं.

आकडा वाचताना लक्षात ठेवा, ३ आणि ४ मध्ये एकचाच फरक दिसतो पण बाहेर पडणारी ऊर्जा साधारण ३२ पट असते. त्यामुळं "३.२ होता, आता ४.२ येईल" असं कोणी सहज बोलून गेलं तर तो केवढी मोठी गोष्ट बोलतोय ते समजा.

आता अफवा. दर वेळी दोन अफवा हमखास येतात. पहिली, "आज रात्री दोन वाजता मोठा धक्का येणार आहे". भूकंप कधी, कुठं आणि किती मोठा येणार हे तारीख-वेळेसकट जगात कोणालाच सांगता येत नाही, त्यामुळं असा मेसेज कोणाच्याही नावानं आला तरी खोटाच. कराडला खोल भोकं पाडून कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करणारी सरकारी प्रयोगशाळा आहे, तिथले शास्त्रज्ञ सुद्धा तारीख देत नाहीत.

दुसरी अफवा धरण फुटल्याची, आणि हिच्यामुळं लोक मध्यरात्री पोरंबाळं घेऊन गाडीवर निघतात. कोयना धरणाला १९६७ ला तडे गेले होते पण धरण उभं राहिलं आणि नंतर त्याला बळकटी दिली. शिवाय कोयनेचं पाणी कराडला कृष्णेला मिळून सांगलीकडं जातं. कोल्हापूर शहरातल्या पंचगंगेत पाणी येतं ते भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी यांचं, आणि पंचगंगा कृष्णेला भेटते थेट नृसिंहवाडीला. धरणाबद्दल जे काही असेल ते जिल्हा प्रशासन आणि पाटबंधारे खातं सांगतं. त्यांच्याकडून येईपर्यंत असा मेसेज पुढं ढकलू नका, हात जोडून सांगतो.

५. उजेडात घर नीट बघा

मला सगळ्यात जास्त कळकळ या पायरीची आहे, कारण धक्का विसरला की लोक हे करतच नाहीत. छोटा धक्का तुमच्या घरात काय सैल आहे ते दाखवून जातो, आणि मोठा यायच्या आधी ते कळणं फार मोलाचं आहे.

दिवसा, सगळ्या खोल्यांतून फिरा. गिलाव्यावरचे केसासारखे बारीक तडे बहुतेक घरांत असतातच, ते उन्हापावसानंही पडतात. बीम आणि विटेची भिंत जिथं मिळते तिथं सरळ आडवी रेघ दिसली तर ती बहुतेक दोन वेगळ्या गोष्टींचा सांधा सुटल्याची असते, त्यानं लगेच घाबरायचं कारण नाही.

लक्ष द्यायचं ते याकडं: दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका गेलेला तडा, भिंतीवर फुलीसारखे एकमेकांना छेदणारे तडे, पिलर किंवा बीमवरचा तडा, पिलरचे पोपडे निघून आतली गंजलेली सळई दिसणं, काल नीट लागणारं दार आज अडकणं, गॅलरी जिथं बिल्डिंगला जोडली आहे तिथली भेग, गच्चीचा कठडा हलणं आणि पाण्याच्या टाकीखालचा ओटा तडकणं. पिलर-बीमच्या बाबतीत एकही शंका असेल तर त्या खोलीत झोपू नका, आधी इंजिनियरला दाखवा.

जुन्या मातीच्या घरात वेगळं बघायचं. भिंतीला पोट सुटलंय का, दोन भिंतींचा कोपरा उघडलाय का, तुळईचं टोक भिंतीतून सरकलंय का, कौलं घसरलीत का. महापुराचं पाणी ज्या घरात दोन-चार दिवस उभं होतं, सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीचा सखल भाग, कसबा बावड्याची नदीकडची बाजू, तिथल्या मातीच्या भिंतींचा पाया जास्त बारकाईनं बघा, वरून रंग दिलेला असतो आणि आतली माती धुपलेली असते. नदीकाठच्या मऊ गाळाच्या जमिनीवर हादराही खडकापेक्षा जास्त जाणवतो.

आता पेन्सिल आणि फूटपट्टी. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं आडवी खूण करा, शेजारी तारीख लिहा, फूटपट्टी धरून फोटो काढा. महिन्याभरानं परत बघा. खुणेच्या पुढं तडा गेला असेल किंवा रुंद झाला असेल तर घर अजून सरकतंय. तड्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसची छोटी पट्टी लावून ठेवली तरी चालते, ती तुटली की समजायचं.

मोठा सापळा: गवंड्याला बोलवून लगेच तडा लिंपून रंग मारणं. तडा झाकला जातो, कारण तसंच राहतं, आणि पंचनाम्यात किंवा विम्यात दाखवायला काहीच उरत नाही. गवंडी आपल्या कामात कितीही वाकबगार असला तरी पिलर-बीमचा निर्णय स्ट्रक्चरल इंजिनियरचाच.

सोसायटीत राहत असाल तर स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं ते चेअरमनना विचारा. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधीप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगचं दर ५ वर्षांनी आणि ३० च्या पुढच्या बिल्डिंगचं दर ३ वर्षांनी ऑडिट व्हायला पाहिजे. भाडेकरू असाल तरी विचारा, झोपायचं तुम्हालाच आहे. आणि मालकाला तड्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा, नुसतं तोंडी सांगू नका.

६. नुकसान झालंय? मग पंचनामा

गावात असाल तर तलाठ्यांना (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) कळवा, शहरात असाल तर महापालिकेचं तुमचं विभागीय कार्यालय आणि तहसील कार्यालय. तोंडी सांगून थांबू नका, साध्या कागदावर अर्ज लिहा, दोन प्रती काढा आणि एका प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या. आमच्या गावाकडच्या घराच्या वेळी त्या शिक्क्याच्या प्रतीमुळंच काम पुढं सरकलं, नाहीतर अर्ज आलाच नाही असं ऐकावं लागलं असतं.

सोबत द्यायची कागदपत्रं:

- आधारची झेरॉक्स
- गावात नमुना ८ चा उतारा, शहरात मिळकत पत्रिका
- चालू घरपट्टीची पावती आणि लाईट बिल
- बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स
- तारीख दिसेल असे फोटो, एक लांबून पूर्ण घराचा आणि बाकी जवळून

पंचनामा होताना स्वतः हजर राहा, लिहिलेलं वाचा, माळ्यावरचं, मागच्या परड्यातलं नुकसान राहिलं असेल तर तिथल्या तिथं सांगा, मगच सही करा. बारीक तड्यांना सरकारी मदत मिळत नाही हे आधीच समजून घ्या, पक्क्या घराची अंशतः पडझड मदतीत धरायला ती किमान १५ टक्के असावी लागते. तरी पण अर्ज करून ठेवा, पुढच्या धक्क्यात नुकसान वाढलं तर पहिली नोंद उपयोगी पडते.

७. येत्या रविवारी करायची कामं

कपाटं, विशेषतः उंच लोखंडी, भिंतीला एल पट्टीनं पक्की करा. कपाटावरच्या बॅगा आणि पोटमाळ्यावरची पितळेची जड भांडी, पाटा-वरवंटा खाली आणा. पलंगाच्या डोक्यावरची फ्रेम आणि शेल्फ दुसऱ्या भिंतीवर हलवा. गच्चीच्या आणि गॅलरीच्या कठड्यावरच्या कुंड्या आत घ्या, त्या खालून जाणाऱ्याच्या डोक्यात पडतात. जादाचा सिलेंडर नेहमी उभा, कोपऱ्यात. गिझर आणि एसीचं बाहेरचं युनिट ज्या बोल्टवर आहे ते बोल्ट एकदा आवळून घ्या.

हॉस्टेल किंवा पीजीत राहणाऱ्यांनी निदान दोन गोष्टी करा, पलंग खिडकीपासून लांब सरकवा आणि बाहेर पडायच्या जिन्यात कोणी सायकल, गाद्या, जुनं सामान ठेवलं असेल तर मालकाच्या मागं लागून ते काढून घ्या.

८. विम्याचं थोडक्यात

घराच्या साध्या विम्यात भूकंप असतो. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांकडं 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी मिळते, तिच्यात आग, पूर आणि भूकंप तिन्ही येतात, आणि कोल्हापूरला पूर आणि भूकंप दोन्हींचा विचार करावाच लागतो. होम लोन घेतलं असेल तर बँकेनं काढलेली पॉलिसी मागून घेऊन वाचा, ती कर्जफेडीचा जीवनविमा असू शकते आणि त्यात घराला एक रुपयाही मिळत नाही. गाडीवर भिंत किंवा कौल पडलं तर नुसत्या थर्ड पार्टीत काही मिळत नाही, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग घेतलेला असला पाहिजे. क्लेम करायचा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा, क्लेम नंबर लिहून घ्या आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत दुरुस्तीला हात लावू नका, ताडपत्री टाकून पाऊस अडवण्यापुरतं काम केलं तर चालतं, फक्त त्याच्या आधी फोटो काढा आणि ताडपत्रीची पावती जपून ठेवा.